क्षार, आम्लारी आणि धाकटीची सीईटी

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या अभ्यासावर लिहावे, हे आमच्या प्राध्यापकवर्गाला चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे बी. फार्म.साठी सीईटीला बसणाऱ्या धाकट्या बहिणीचा अभ्यास घेण्याचे काम माझ्याकडे आले. शिकवणीची फी वडिलांच्या आवाक्याबाहेरची. गेल्या वर्षी तिला गुण कमी पडले. यंदाही नाही जमले तर स्थळे पाहू, असे घरात बोलणे चालू आहे.

या परीक्षेत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी १ गुणाचे. भौतिकशास्त्राच्या ५० प्रश्नांसह वेळ अवघी ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला पुरते मिनिटही नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा कोरा प्रश्न ठेवण्यात शहाणपणा नाही. हे तिला ठाऊक होते. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी.

दहावीपर्यंत ती मराठीतून शिकली, पुढे पुस्तके इंग्रजी आली, आणि मोबाईलवर ती ऐकते ते हिंदीतून शिकवणारे सर. एकदा ती म्हणाली, "दादा, नवसागर क्षार आहे, मग त्याचे द्रावण आम्लधर्मी कसे?" मी शब्द तपासले तेव्हा घोटाळा उमगला. आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि तिथला क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी! एकच शब्द, दोन अर्थ. बिचारी वर्षभर त्यात अडकली होती.

मग पुस्तक उघडून आम्ही दोघे बसलो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. हायड्रोक्लोरिक आम्ल प्रबल, अमोनिया ही आम्लारी दुर्बल. प्रबलाचा गुण द्रावणात उतरतो, म्हणून द्रावण आम्लधर्मी. सोडियम ॲसिटेटमध्ये आम्लारी प्रबल आणि ॲसेटिक आम्ल दुर्बल, म्हणून तिथे उलट. आई चुलीपाशी ऐकत होती. ती म्हणाली, "कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा तोच का नवसागर?" तोच. त्या दिवसापासून हा प्रश्न धाकटी चुकलेली नाही.

दुसरी अडचण सूत्रांची. प्रथम कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ८७.५ टक्के पूर्ण झाली, तर अर्धायुकाल किती? ती लॉगचे सूत्र मांडू लागली. परीक्षेत गणकयंत्र नेता येत नाही. मी म्हटले, भाकरी मोड. अख्खीची अर्धी, अर्धीची चतकोर, चतकोराची निम्मी. उरले १२.५ टक्के, मोडली तीनदा. म्हणजे २० मिनिटे. शरीरातले औषध पुष्कळदा याच नियमाने कमी होते, हे वाचल्यावर तिला त्या प्रकरणाची गोडीच लागली.

आता तिने तीन रकान्यांची वही केली आहे: मराठी, हिंदी, इंग्रजी. मोलच्या गणितांसाठी पहाटेचा तास ठेवला आहे. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया मात्र माझ्या कुवतीबाहेरच्या आहेत. परीक्षा उन्हाळ्यात आहे. कुणाच्या घरी बारावी विज्ञानाचे भावंड असेल आणि त्याने सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिका पडून असतील, तर कृपया मला वर्गात आणून द्याव्यात. वाचून परत करीन.