आमवात आहे, पोहायला जाऊ का?

प्रश्न : मी 46 वर्षांची आहे, धुळ्यात देवपूरला राहते आणि शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. गोळ्या नियमित चालू आहेत, आजार बऱ्यापैकी आटोक्यात आहे. मनगटे, बोटे आणि उजवा गुडघा मात्र अधूनमधून डोके वर काढतात. डॉक्टर म्हणाले, पोहता येत असेल तर पोहा. येते, लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले आहे. पण सासूबाई म्हणतात, गार पाण्यात वात भरतो, त्यापेक्षा उनपदेवला जाऊन गरम पाण्याने आंघोळ करून ये. कोणाचे ऐकू? आणि पोहण्याचा पोशाख घालायला संकोच वाटतो, त्याचे काय?
– एक वाचक, धुळे

उत्तर : पोहायला जा, पण सासूबाईंचे बोलणे उडवून लावू नका. हा आजार पाण्यामुळे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते, अस्तर सुजते आणि वेळीच औषध मिळाले नाही तर कूर्चा आणि हाड झिजत जाते. गार पाण्याचा त्या प्रक्रियेशी संबंध नाही. मात्र गारठ्याने स्नायू आखडतात, सांधे जखडतात आणि दुखणे जास्त जाणवते, हे खरेच आहे. त्यामुळे पाण्यात जायचे की नाही यापेक्षा पाणी किती अंशांचे आहे, हे आधी बघायला हवे.

पोहण्याच्या स्पर्धांसाठी तलावाचे पाणी 25 ते 28 अंश सेल्सियस ठेवतात. जोरात हातपाय मारणाऱ्या पोरांना ते छान वाटते. हळूहळू सांधे हलवणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत हुडहुडी भरते. सांधेदुखीच्या लोकांसाठी पाण्यातले व्यायाम घेतात तिथे साधारण 28 ते 32 अंशांचे पाणी चालते आणि फिजिओथेरपीच्या खास हौदात 33 ते 36 अंशांचे असते. आपल्याकडच्या उघड्या तलावांना पाणी तापवण्याची सोय बहुधा नसते. तिथले पाणी ऋतू नेईल तसे जाते, आणि धुळ्याचा ऋतू दोन्ही टोकांना जातो. डिसेंबर-जानेवारीत ज्या गावात पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरतो, तिथल्या उघड्या तलावात तुम्ही त्या दिवसांत पाय घालू नये. मार्चच्या मध्यापासून पाणी बसण्याजोगे होऊ लागते. एप्रिल-मे हे तुमचे महिने. ज्या उन्हाळ्याला आपण सगळे शिव्या घालतो तो इथे फुकटचा हीटर आहे. अंदाजावर जाऊ नका. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात काचेच्या टाकीत लावायचा छोटा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो पाण्यात धरा. 28 च्या खाली दाखवला तर त्या दिवशी घरी परत.

तुमच्या लहानपणीच्या विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागायचे, आठवते ना? जमिनीखालचे पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते. बदलते ती वरची हवा. तरीही आता विहीर नको. तिथे उथळ बाजू नाही, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि दमल्यावर उभे राहायला तळ नाही.

पाण्याचा खरा फायदा कुठे आहे, ते बघू. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलात की पायांवर शरीराचे जवळपास निम्मेच वजन येते. छातीइतक्या पाण्यात ते एक तृतीयांशाच्या आसपास उतरते आणि मानेपर्यंत बुडालात तर जेमतेम एक दशांश उरते. जो गुडघा जिन्याच्या पहिल्या पायरीवर कुरकुरतो तो छातीभर पाण्यात मुकाट वाकतो. पाण्याचा दाबही खोलीबरोबर वाढत जातो, म्हणजे पायांवर तो सर्वांत जास्त असतो; त्यामुळे पायांची सूज थोडी ओसरते. शिवाय पाणी विरोध करते, तोही तुमच्या बेताने. हात दुप्पट वेगाने ओढला तर विरोध साधारण चौपट होतो, सावकाश ओढला तर नाममात्र. कोणत्या दिवशी किती जोर लावायचा हे तुमच्या हातात राहते. जिममधल्या लोखंडी वजनाला ही समजूत नसते.

हे नुसते तर्कावर सोडलेले नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहरात 139 रुग्णांचे चार गट करून पाहिले : एक गट कोमट पाण्यात व्यायाम करणारा, एक त्याच पाण्यात नुसता बसणारा, एक जमिनीवर व्यायाम करणारा आणि एक शरीर शिथिल करायला शिकणारा. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, चार आठवडे. 1996 साली निष्कर्ष आले. थोडाफार फायदा चारही गटांना झाला, पण सांध्यांचा हुळहुळेपणा पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचा सर्वांत जास्त कमी झाला. 2007 च्या आणखी एका इंग्लिश अभ्यासात पाण्यातल्या गटातले 87 टक्के लोक सहा आठवड्यांनी म्हणाले की खूप बरे वाटते; जमिनीवरच्या गटात असे म्हणणारे 47.5 टक्के होते. मात्र वेदनेची मोजणी आणि चालण्याचा वेग यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. माझ्या मते बरे वाटणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, कारण ज्याने बरे वाटते तोच व्यायाम माणूस पुढच्या आठवड्यातही करतो. पण पाण्यामुळे गोळ्या सुटतील अशी आशा कोणी दाखवली तर त्याला हे आकडे दाखवा.

आता प्रत्यक्ष तलावावर. गंमत अशी की तुमच्यासारखीला पोहण्यापेक्षा तलावात उतरणे आणि त्याहून बाहेर येणे अवघड जाते. भिंतीला लावलेली उभी स्टीलची शिडी, ओले दांडे, आणि सगळा भार मनगटांवर. म्हणून पैसे भरण्याआधी एकदा नुसते बघायला जा. उथळ बाजूला रुंद पायऱ्या असतील तर तोच तलाव निवडा, मग तो घरापासून लांब का असेना. दुसरे, वेळ. आमवातात सकाळचा जखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, आणि आपल्याकडे बॅच असते सकाळी सहाची! ती तुमच्यासाठी नाही. संध्याकाळची घ्या. दुपारची नको; मेथोट्रेक्सेटसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला जास्त भाजते, आणि आपले ऊन काही साधे नाही.

पहिले दोन-तीन आठवडे पोहूच नका. छातीभर पाण्यात चाला : पुढे, मागे, खेकड्यासारखे आडवे. पाण्याखाली मुठी उघडा, मिटा, मनगटे गोल फिरवा, हात पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच वर आणा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे पुरे. मग पोहायला लागलात की पाठीवरचे पोहणे उत्तम. बेडकासारखे पाय मारण्याने गुडघ्याला आतून ताण बसतो, ते टाळा. पोहताना आधाराला घेतलेल्या फळीची कड बोटांनी आवळून धरू नका, हात तिच्यावर नुसते ठेवा.

मानेबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. जुन्या आमवातात कवटीखालचे पहिले दोन मणके एकमेकांवर सैल होऊ शकतात. मानेच्या मागे, डोक्याच्या बुडाशी दुखत असेल, मान वाकवल्यावर झटका बसल्यासारखे होत असेल किंवा हातांना मुंग्या येत असतील, तर तलावाच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि मान वाकवून एक्स-रे काढावा का, हे विचारा. असे काही नसले तरी सूर मारणे आणि मुटका मारणे आता कायमचे बंद. केस भिजू नयेत म्हणून डोके पाण्याबाहेर ताठ धरून पोहण्याची सवय असेल तर तीही सोडा. मान सतत मागे वाकलेली राहते.

किती पोहायचे याला एक साधे माप आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत ओसरले नाही, तर पुढच्या वेळी निम्मे करा. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी सुट्टी. अंगावर उघडी जखम असेल किंवा ताप असेल तर उतरू नका, कारण तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. क्लोरीनने त्वचा कोरडी पडते. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करून खोबरेल चोळा, झाले. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर छातीपर्यंत बुडण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

उनपदेवबद्दल. चोपडा तालुक्यात अडावदजवळचे उनपदेव असो की शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गरम झरे जुने आहेत; 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. पावसाचे पाणी तापीच्या खोऱ्यातल्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि वर येते. पिढ्यान् पिढ्या सांधे धरलेले लोक तिथे जात आले आहेत आणि गरम पाण्याखाली बसून त्यांना आराम पडला, यात खोटे काही नाही. पण आजारावर अशा स्नानांचा किती परिणाम होतो, हे तपासणाऱ्या 2015 च्या, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 9 अभ्यास आणि 579 रुग्ण धरूनही ठाम निष्कर्ष काढता आला नाही. तिथे आंघोळ होते, व्यायाम होत नाही, आणि स्नायूंना जोर येतो तो व्यायामाने. सासूबाईंना घेऊन हिवाळ्यात जरूर जा, तलाव तुम्हाला बंदच असेल. सुजलेला सांधा थेट कढत धारेखाली धरू नका, फार वेळ बसू नका, उठताना चक्कर येते. आणि कुंडात डोके बुडवू नका.

पोशाखाचे म्हणाल तर गुडघ्यापर्यंतची तुमान आणि लांब बाह्यांचा सूट खेळाच्या दुकानात मिळतो. बहुतेक ठिकाणी तो चालतो, उन्हापासूनही वाचवतो. सुती सलवार-कुडता नको, भिजून जड होतो. सूट घेताना पुढे चेन असलेला घ्या. मागची चेन किंवा अंगाला घट्ट चिकटलेला ओला कपडा दुखऱ्या बोटांनी ओढणे ही शिडीइतकीच मोठी कटकट आहे. महिलांची वेगळी बॅच संध्याकाळी आहे का, हे पायऱ्या बघायला जाल तेव्हाच विचारून घ्या.