दिवसभराचे बालशिबिर : खेळ, कल्पना आणि सेवा

उन्हाळ्याची सुटी लागली की वस्तीवस्तीत बालशिबिरे भरतात. हेतू चांगला असतो. परंतु पुष्कळदा मुले सतरंजीवर बसून राहतात, एकामागून एक वक्ते बोलतात आणि खेळाला शेवटची पंधरा मिनिटे उरतात. आम्हांस वाटते, खेळ हे शिबिराचे बक्षीस नव्हे. तोच शिबिराचा अभ्यासक्रम आहे.

खानदेशाला हा विचार नवा नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरीत. उपदेशाऐवजी करून दाखवीत. पुढे ४ जून १९४१ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतही खेळ, गाणी आणि ग्रामसफाई हातात हात घालून चालली.

१. मैदानी खेळ : मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४२ अंशांपुढे जातो. म्हणून मैदान सकाळी नऊपर्यंत आणि ऊन उतरल्यावरच. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, खो-खो यांना खर्च नाही. मुलेमुली एकत्र खेळावीत. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. कप्तान मुले निवडू लागले, की शेवटी उरलेले मूल तो अपमान विसरत नाही.

२. कल्पनेचे खेळ : दुपारी सावलीत 'फडाचा खेळ' घ्यावा. साक्री तालुक्यात पांझरेकाठचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धतीने पाणी वाटून घेत आले. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतांना देतो. मुलांनी वाळूत बंधारा, पाट आणि शेते करावीत. एकाने पाटकरी व्हावे. पाणी तांब्याभरच असावे. ते पुरणार नाही, तंटा होईल. मोठ्यांनी तो मिटवू नये. टोकाच्या शेताला पाणी कसे पोचेल, याचा नियम मुलांनीच करावा. पुढच्या डावात पाटकऱ्याला टोकाचे शेत द्यावे. मग २० मार्च १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगावी. पाणी अडवले जाणे म्हणजे काय, हे तोवर मुलाला कळलेले असते.

३. सेवा : येथे फार जपले पाहिजे. गावची हलकी मानलेली कामे आपल्या वाडवडिलांवर जन्माने लादली गेली होती. बाबासाहेबांनी ती सोडावयास शिकविले. म्हणून झाडू प्रथम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावा, मग सर्वांनी पाळीने. शिक्षा म्हणून तो कोणालाही देऊ नये. लादलेले काम आणि आपखुशीची सेवा यांतला फरक मुलांना येथेच समजतो. विहाराचे आवार झाडणे, रोपांना पाणी घालणे, वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे ही कामे त्यांना झेपतात. जुलै १९३७ मध्ये बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीखातर दरवर्षी ३१ जुलैस तेथे लोक जमतात. शिबिरातील मोठ्या मुलांनी तेथे पाणी वाटावे, कागद-पत्रावळी वेचाव्यात.

शिबिरास मोठा निधी लागत नाही. सावली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलांत मूल होऊन खेळणारे चार कार्यकर्ते पुरेत. प्रत्येक मूल घरी कोणाबरोबर गेले, याची नोंद मात्र रोज ठेवावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न :
१) फडाच्या खेळात तुम्ही पाटकरी असता, तर कोणता नियम केला असता?
२) तुमच्या वस्तीतील कोणते काम नेहमी एकाच घराकडे येते? का?