घेतलं स्टँडर्ड, लावलं एंटरप्राइझ

पर्चेस ऑर्डरवर ‘एसक्यूएल सर्व्हर २०१७ स्टँडर्ड’ असं स्वच्छ लिहिलं होतं आणि पैसेही त्याचेच मोजले होते. तरी आमच्या लिनक्स सर्व्हरवर एंटरप्राइझ कोअर चालतंय, हे लायसन्सची तपासणी आली तेव्हा उघड झालं. ते बसवणाऱ्या व्हेंडरचा माणूस मला म्हणतो, “सर, तुमच्याकडूनच कुणी सांगितलं असेल.” सेटअपच्या वेळी आमच्यातल्या एकालाही त्या स्क्रीनजवळ बोलावलं नव्हतं!

लिनक्सवर हे सहज घडतं. सेटअप एडिशनची यादी दाखवतो, त्यातला आकडा टाकायचा. एंटरप्राइझ कोअरचा टाकला तरी प्रॉडक्ट की कुणी मागत नाही. म्हणून काम ताब्यात घेताना सर्व्हरलाच एडिशन विचारा आणि ते उत्तर हँडओव्हरच्या कागदावर सहीसकट घ्या.

एडिशन खाली आणायची कमांड छोटी आहे. सर्व्हिस थांबवायची, एमएसएसक्यूएल-कॉन्फला सेट-एडिशन सांगायचं, स्टँडर्ड निवडायचं, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. डेटाबेस उघडेल ना, हे मी आधीच लेखी विचारलं होतं. “काही होत नाही सर,” हे उत्तर आजही माझ्या मेलमध्ये आहे. डेटाबेस उघडला नाही. त्यावर टीडीई एन्क्रिप्शन चालू होतं, तेही याच मंडळींनी केलेलं. स्टँडर्डमध्ये टीडीई आलं ते २०१९च्या आवृत्तीपासून. २०१७मध्ये ते फक्त वरच्या एडिशनला.

तेव्हा कमांड देण्याआधी प्रत्येक डेटाबेसमध्ये ‘सिस डॉट डीएम_डीबी_पर्सिस्टेड_एसकेयू_फीचर्स’ हा व्ह्यू बघा. त्यात टीडीई दिसलं तर एन्क्रिप्शन बंद करा, एन्क्रिप्शनची स्थिती १ होईपर्यंत थांबा, मग एन्क्रिप्शन कीसुद्धा ड्रॉप करा आणि नवा फुल बॅकअप घ्या. टीडीई असतानाचे जुने बॅकअप २०१७ स्टँडर्डवर उघडत नाहीत. रिस्टोअर शंभर टक्क्यांपर्यंत जातो आणि मग नकार देतो. जुनं सर्टिफिकेट मात्र जपून ठेवा. बॅकअपशिवाय कशालाही हात लावू नका, हे तर आलंच.

एवढं निस्तरून स्टँडर्ड सुरू झालं, तर सगळं मंदावलं. महिनाअखेरचे रिपोर्ट संपेनात, अकाउंट्सचे फोन थांबेनात. व्हेंडरला जणू हेच हवं होतं. “स्टँडर्डमध्ये एवढंच मिळतं. एंटरप्राइझचं कोटेशन पाठवू का?” आणि कोटेशन आलंसुद्धा, थेट आमच्या डायरेक्टरसाहेबांना, मला वगळून.

मी एररलॉग उघडला. सर्व्हर सुरू होतानाच्या ओळींत स्पष्ट लिहिलं होतं: आठ सॉकेट सापडले, प्रत्येकात एक कोअर, लायसन्सनुसार चार प्रोसेसर वापरतोय. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. २०१७ स्टँडर्डची मर्यादा आहे चार सॉकेट किंवा २४ कोअर, यातलं जे कमी ते. आमच्या व्हर्च्युअल मशीनला आठच कोअर होते, पण मशीन तयार करताना प्रत्येक कोअर स्वतंत्र सॉकेट म्हणून दाखवला होता. एंटरप्राइझला ही मर्यादा नाही, म्हणून इतके दिवस ते झाकलं गेलं. लायसन्सचे पैसे आठही कोअरचे भरलेले, काम करत होते चार! आणि ते मशीन कुणी तयार केलं होतं? त्याच व्हेंडरने.

मशीन बंद करून दोन सॉकेट, प्रत्येकी चार कोअर असं केलं. आठही कोअर कामाला लागले, रिपोर्ट वेळेत निघाले. खर्च शून्य. हे मी डायरेक्टरसाहेबांना लॉगसकट दाखवलं.

रात्रीचे मेंटेनन्स जॉबही तपासा. इंडेक्स ऑनलाइन रिबिल्ड करणारा जॉब स्टँडर्डवर फेल होतो आणि अलर्ट लावलेला नसेल तर कुणाला पत्ता लागत नाही. बफर पूलला १२८ जीबीची मर्यादा आहे. अव्हेलेबिलिटी ग्रुप बेसिकच मिळतो, म्हणजे एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस. जमत असेल तर चालू सर्व्हरवर प्रयोग न करता वेगळ्या मशीनवर स्टँडर्ड बसवा, बॅकअप तिथे रिस्टोअर करा, महिनाअखेरचा एक रिपोर्ट चालवा आणि मगच तारीख ठरवा.

एडिशन बदलून दिल्याचं बिल व्हेंडरने पाठवलंय. ते मी मंजूर करणार नाही, आणि कारण त्यांना लेखी कळवलं आहे.