ताटीबाहेर बसावे कसे

दिंडीत कोणाच्या पायाला फोड आला तर काय करायचे, हे आपणांस शिकवावे लागत नाही. तळावर पोचताच कोणी पाणी तापवतो, कोणी तेल आणतो, कोणी त्याची वळकटी आपल्या खांद्यावर टाकतो. पण फोड मनाला आला असेल तर? तेव्हा आपण दोन पावले बाजूला सरतो आणि लांबून म्हणतो, "माऊली, नाम घ्या, सगळं बरं होईल." वाक्य खोटे नाही. पण ते म्हणून पुष्कळदा आपण आपलीच सुटका करून घेतो. मी स्वतः तशी करून घेतली आहे, म्हणून ह्या महिन्याचा पाठ त्यावरच लिहितो.

आमच्या गावच्या भजनी मंडळात माझा एक बालमित्र टाळकरी आहे. नाव सांगत नाही. त्याला हा लेख आधी वाचून दाखवला आहे, आणि त्याने "छापा" म्हटले म्हणूनच छापतो. काही वर्षांमागे त्याच्या मंडळींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोन वेळा तालुक्याला डायलिसिससाठी जायचे, यंत्रावर चार तास, जाण्यायेण्यात उरलेला दिवस. रान एकट्याने करायचे, मुलगा शिकायला शहरात. पहिल्याने त्याचा सायंकाळचा हरिपाठ सुटला, मग एकादशीचे भजन सुटले आणि त्या वर्षी आषाढीची वारीही चुकली. आम्ही आपापसांत म्हणत होतो, "बायकोच्या आजारपणात अडकलाय बिचारा." त्यापलीकडे कोणी पाहिले नाही.

एक दिवस मी गेलो. बाजेवर बसलो, चहा घेतला आणि प्रारब्धावर अर्धा तास बोललो. प्रवचनाची सवय वाईट असते, समोर माणूस एक असो की हजार, तोंड तसेच चालते. तो मान हलवत राहिला. निघताना त्याची मंडळी दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, ह्यांनाबी जरा बोलू द्याल का कधी?"

वाटेने घरी येईपर्यंत ते शब्द कानात होते. रात्री गीता उघडली. पहिला अध्याय आपण पुष्कळ वेळा वाचतो, पण घाईने, कारण पुढचे ज्ञान हवे असते. त्या रात्री मी फक्त एवढेच पाहिले की भगवंत किती बोलतात. सत्तेचाळीस श्लोकांच्या अध्यायात भगवंतांच्या मुखी अर्धा श्लोक आहे, "हे जमलेले कौरव पाहा" एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर मन मोकळे करून बोलतो तो अर्जुन. त्याचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, कातडी जळते, हातातले धनुष्य गळते, मन भ्रमल्यासारखे होते. एवढा नामांकित वीर, पण त्याला कोणी नाटकी म्हटले नाही. आणि भगवंत हे सारे ऐकून घेतात.

आता पुढे पाहा. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्याला दोन श्लोकांत टोचून बोलतात, हे दुबळेपण तुला शोभत नाही अशा अर्थाचे. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन पुन्हा आपले दुःख सांगतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून, अर्जुनाने आपणहून "मला सांग" म्हटल्यावर. टोचून बोलणे साक्षात भगवंतांच्याही तोंडून लागू पडले नाही, मग तुमच्याआमच्या तोंडून काय लागू पडणार? हा माझा अर्थ आहे, जाणत्यांनी दुरुस्त करावा. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. एवढा वेळ सारथी रथावरून खाली उतरला नाही.

दुसरा दाखला आपल्या घरचाच. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर माऊली झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी परंपरा आहे. आईबापांचे छत्र लहानपणीच गेलेली ती चार भावंडे. त्यांत मुक्ताई सर्वांत धाकटी. ताटीचे अभंग आपण गातो, पण ते म्हणताना ती कोठे होती हे ध्यानात घेत नाही. ती बाहेर होती. तिने ताटी मोडली नाही, आणि उघडत नाही म्हणून ती निघूनही गेली नाही. पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली. तुकोबारायांच्या चरित्रातही हेच दिसते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला आणि मन संसारातून उठले. ते डोंगरावर जाऊन बसले तेव्हा धाकटा बंधू कान्होबा शोधत गेला, आणि जिजाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. जिजाई कडक बोलत असे हे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. त्या बोलण्याबरोबर भाकरीही वर पोचत होती, तेही सांगत जावे.

असो. दुसऱ्या दिवसापासून मी मित्राकडे गेलो ते काम करायला. त्याच्याबरोबर कडबा तोडला, गोठा लोटला, म्हशीला पाणी दाखवले. समोरासमोर बसले की दुःखी माणूस आवळला जातो. हात कामात असले की जीभ मोकळी होते. चौथ्या दिवशी तो आपण होऊन बोलला. रात्री तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. जेवण मातीसारखे लागते. "टाळ हातात घेतला की धोंडा धरल्यागत वाटतं, दादा." आणि मग खरी गाठ निघाली. "वारी चुकली म्हणून तिचं दुखणं वाढलं. देवाला तोंड कसं दाखवू?"

माझ्या तोंडाशी दहा प्रमाणे आली होती. ती गिळली. एवढेच म्हणालो, "लई दिवस एकट्यानंच वाहिलंस रे." तो रडला. मी बसून राहिलो.

येथे थोडे वैद्यकाचे सांगणे आवश्यक आहे. दुःख सर्वांना होते, ते चढते आणि उतरतेही. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ, बहुतेक दिवसभर मन उदास, कशातही रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, विनाकारण अपराधी वाटणे, कामात चित्त न लागणे, असे चालले असेल तर तो नुसता स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. खेड्यात तो वेगळ्या वेषात येतो. डोके दुखते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, म्हणून माणूस दवाखाने हिंडतो आणि मनाचे कोणी विचारत नाही.

मला आणखी एक विचारायचे होते आणि विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारले, "जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "येतात."

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती बहुतेकांना असते. ह्या कामातले जाणकार नेमके उलट सांगतात. सरळ, मायेने विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाचे ओझे हलके होते आणि वाट सापडते. मात्र उत्तर "हो" आले तर घाबरू नये, रागावू नये, "पोरांचा विचार केलास का?" असे बोलू नये. तो विचार त्याने शंभरदा केलेला असतो. आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. मी त्याला स्पष्ट म्हणालो, "हे गावात फिरणार नाही, पण वहिनींना आणि डॉक्टरला सांगावंच लागेल. दोघं मिळून सांगू."

त्याच संध्याकाळी त्याच्या संमतीने फवारणीची औषधे मी माझ्या घरी आणून कुलुपात ठेवली. हे क्षुल्लक वाटेल, पण क्षुल्लक नाही. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा लाटेसारखी असते, त्या वेळी हाताशी साधन नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, त्यानंतर 1995 ते 2015 ह्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्या रात्री मी त्याच्या ओसरीवर झोपलो. मुलाला फोन करून बोलावून घेतले. सकाळी तिघे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

रुग्णालयात जाण्याआधी त्याला धास्ती होती की पोलीस येतील. वाचकांतही ही धास्ती असेल, म्हणून सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे. ज्यांना रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल त्यांच्यासाठी 2022 च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येते. मित्राविषयी काय करावे हे विचारायला मित्रानेही हा फोन करावा. जीव तत्काळ धोक्यात असेल तर माणसाला एकटे सोडू नये आणि 108 ला रुग्णवाहिका मागवावी. हे दोन क्रमांक हरिपाठाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा, म्हणजे शोधावे लागणार नाहीत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की गुण यायला काही आठवडे लागतील. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात, नाही तर बरे वाटताच सोडतात. दोन्ही वाईट. गोळी वाढवणे, कमी करणे, बंद करणे डॉक्टरांच्या सांगण्यानेच व्हावे. शेजारच्या एका आजीने अंगाऱ्याची पुडी दिली. ती घेऊ नको असे मी म्हणालो नाही, पण गोळीच्या जागी घेऊ नको असे बजावले. वारीत पाय मोडला तर आपण नाम घेत हाड बसवून घेतो, नाम घेतले म्हणून हाड तसेच ठेवत नाही.

आता घरच्या आजारपणाविषयी. त्याच्या मनाचे दुखणे अर्धे तरी ह्या थकव्यातून आलेले होते, आणि आम्ही मंडळी काय करत होतो? भेटायला जाताना शहाळी आणि केळी नेत होतो! मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठते, ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. शहाळ्याचे पाणी, केळी यांत ते भरपूर असते, शिवाय पाणीही मोजून प्यायचे असते. बिचारी वहिनी नको कसे म्हणायचे म्हणून सारे घेऊन ठेवत असे. एकादशीच्या फराळातले बटाटे, रताळी, शेंगदाणे यांनाही तोच धोका. कोणाच्याही आजारात खायचे नेण्यापूर्वी "काय चालतं?" एवढे विचारावे.

आणि "काही लागलं तर सांगा" हे म्हणणे बंद करावे. थकलेल्या माणसाला काय लागते हे सांगण्याचेही त्राण नसते. आम्ही मंडळाची बैठक घेतली. मित्राला आधी विचारले, काय सांगू आणि काय नको. तो म्हणाला, "तिच्या दुखण्याचं सांग, माझं नको." तेवढेच सांगितले. मग सप्ताहात वीणेचे पहारे लावतो तसे पहारे लावले. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, पण ती एकट्यानेच धरावी असे कोणी म्हणत नाही, दर दोन तासांनी पुढचा माणूस येतो आणि नमस्कार करून गळ्यात घेतो. सोमवारी वहिनींबरोबर एक जण तालुक्याला, गुरुवारी दुसरा. धारेचे दोघे. भाकऱ्या महिला मंडळाने उचलल्या, मीठ कमी घालून. एक शिकलेला तरुण रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटला आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे पुरी करून आला. दोन जण पहिल्या महिन्यातच गळाले, त्यांच्या जागी तीन आले. असे होतेच, त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. माझाही एक आठवडा असा गेला की जावेसे वाटेना. तेव्हा मी माझा पहारा दुसऱ्याला दिला आणि घरी झोपलो. त्यात मला थोडी लाज वाटली, वाटायला नको होती.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. दोन महिन्यांनी झोप येऊ लागली, पोळ्याच्या सुमारास पुन्हा वाईट दिवस आले, गोळी बदलावी लागली. वहिनींचे डायलिसिस चालूच आहे आणि चालूच राहील. पण कार्तिकात एका संध्याकाळी हरिपाठ सुरू झाल्यावर तो आला आणि खांबाशी मागे बसला. कोणी वळून पाहिले नाही, तसे आधीच ठरले होते. मृदंग्याने हात न थांबवता पायाने टाळांची पेटी त्याच्याकडे सरकवली. त्याने टाळ काढले, मांडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत तसेच ठेवले. उठताना मला म्हणाला, "दादा, गुरुवारी तुझी पाळी आहे, सहाची गाडी आहे, उशीर करू नकोस."