गावातली उमेदवारी : यादीतले नाव आणि नागरिकत्व

ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका लढवण्यासाठी त्या ठिकाणी अमुक वर्षे राहिलेले असावे, अशी अट महाराष्ट्रातल्या कायद्यांत नाही. त्या गावाच्या किंवा शहराच्या मतदार यादीत नाव हवे आणि वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. लोकसभेला साधारणपणे देशातल्या कोणत्याही मतदारसंघातले नाव चालते, विधानसभेला राज्यातले. स्थानिक संस्थेची अट सर्वांत अरुंद आहे. उमेदवाराचा स्वतःचा प्रभाग वेगळा असला तरी चालते, गाव वेगळे असून चालत नाही. इतर अपात्रता पुष्कळ आहेत, पण त्यांचा विचार यादीत नाव असेल तरच.

ही यादी राज्य निवडणूक आयोग नव्याने तयार करत नाही. ठरावीक दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन तो ती प्रभागवार फोडतो. २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी हा दिवस १ जुलै होता आणि मतदान २ डिसेंबरला ठरले. म्हणजे निवडणुकीचे वारे सुटले तेव्हा नाव नोंदवण्याची वेळ केव्हाच सरली होती. प्रारूप यादीवर हरकती मागवतात, त्या प्रभाग चुकल्याच्या किंवा विधानसभेच्या यादीतले नाव गळाल्याच्या. नवे नाव त्या टप्प्यावर घेतले जात नाही. हे ठाऊक नसल्याने अनेक चांगले उमेदवार अर्ज भरण्याआधीच बाद होतात, आणि याचे वाईट वाटावे अशीच ती गोष्ट आहे.

सर्वांत जास्त फटका सुनांना बसतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने ऐनवेळी घरातल्या सुनेचे नाव पुढे येते. प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेल्या एका गावात असेच झाले. सून शिकलेली, बचत गटाचे हिशेब ठेवणारी, गावाने एकमुखाने सुचवलेली. तिचे आधार कार्ड सासरच्या पत्त्याचे, रेशन कार्डावरही नाव चढलेले, पण मतदार यादीतले नाव माहेरी, तेही माहेरच्या आडनावाने. तहसील कार्यालयात हेलपाटे घालूनही उपयोग झाला नाही, कारण मुदतीचा दिवस उलटला होता. लग्नानंतर लगेच नमुना ८ भरून नाव सासरी हलवले असते, तर ती सहज उभी राहिली असती. हा अर्ज पत्ता बदलणे आणि तपशील दुरुस्त करणे, दोन्हींसाठी चालतो. निवडणूक लांब असतानाच तो भरावा आणि नाव खरोखर नव्या यादीत आले का, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

नाव कुठे असावे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० ठरवतो. जिथे माणूस सामान्यतः राहतो, तिथे. नुसते घर मालकीचे असणे पुरेसे नाही, असे कलम २० स्पष्ट सांगते. वर्षभर कुलूप लागलेल्या कोकणातल्या घराच्या आधारावर मुंबईकराने गावच्या यादीत राहणे म्हणूनच वादाला निमंत्रण देते. उलट तेच कलम तात्पुरत्या गैरहजेरीला संरक्षण देते. कारखान्याच्या हंगामासाठी बाहेर पडणारे बीडचे ऊसतोड मजूर महिनोन्‌महिने गावी नसतात, तरी त्यांचे नाव कापता येत नाही. कोणी कापायला निघालेच तर हे कलम दाखवून हरकत घ्यावी.

दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मंजूर नाही, आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्तराखंडच्या निवडणूक आयोगाने दुबार नाव असलेल्यांनाही पंचायत लढवण्याची मुभा देणारे स्पष्टीकरण काढले होते. उच्च न्यायालयाने ते रोखले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची याचिका दोन लाखांचा खर्च लावून फेटाळली. इच्छुकाने आपले जुने नाव स्वतःच वगळून घ्यावे. विरोधकाने ते शोधून काढेपर्यंत थांबू नये.

निवासाचा वाद यादी अंतिम झाली की बहुधा संपतो. निवडून आल्यावर तो उकरून काढला तरी याचिकेत सहसा टिकत नाही. नागरिकत्वाचे तसे नाही. ती अट थेट संविधानातून येते, म्हणून यादीत नाव असले तरी न्यायालय तिची चौकशी करू शकते. हरिशंकर जैन विरुद्ध सोनिया गांधी या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले आहे. तेलंगणातले वेमुलवाडाचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश अनेकदा निवडून आले होते. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जर्मन नागरिक ठरवून ३० लाख रुपयांचा खर्च लावला. प्रकरण विधानसभेचे असले तरी संविधानाची २४३-एफ आणि २४३-व्ही ही कलमे आमदाराच्या अपात्रता पंचायत आणि पालिकेच्या सदस्यालाही लावतात.

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिकत्व देऊ करतो. परदेशी पासपोर्ट हाती आला की नियमांनुसार तो परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा ठरतो आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. जुने मतदार ओळखपत्र कपाटात असले म्हणून ते परत येत नाही. लिस्बनमध्ये केवळ जन्मनोंद केलेल्यांनीही उमेदवारीपूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा, कारण या नोंदीच्या अर्थावरून वाद झालेले आहेत. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड, असलेल्याला भारतात मतदानाचा हक्क नाही, त्यामुळे उमेदवारीचाही नाही. असे कार्ड पाच वर्षे असलेला आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेला माणूस नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. ते मिळाल्यावर नमुना ६ भरून, यादीच्या ठरलेल्या दिवसाआधी, नाव नोंदवावे लागते.