पिकाची प्रकृती : आकाशातून आणि मातीतून

वाशिम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि या पठारावर पडणाऱ्या पावसाचे पाणी दोन समुद्रांकडे जाते. काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेस मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास पोचते. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास जाते. किनाऱ्यावरील खारफुटीची प्रकृती तपासताना उपग्रहचित्रे आणि मातीचे नमुने यांची सांगड घातली जाते. तीच सांगड पठारावरील कोरडवाहू शिवारासही उपयोगी पडते.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. खरीपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा ही येथील प्रमुख पिके होत. बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्यामुळे पीक पिवळे पडू लागले की कारण शोधण्यास फार थोडे दिवस हाती असतात. कारण चुकले तर खत व औषधाचा खर्च वाया जातो आणि हंगामही हातचा जातो.

उपग्रह काय पाहतो?

हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडे किरण अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते. मात्र डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकते. पीक अशक्त झाले की तांबडे किरण अधिक परततात आणि अवरक्त किरण कमी होतात. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले असता ‘वनस्पती निर्देशांक’ मिळतो. समजा, एका शेतातून ५० टक्के अवरक्त व ५ टक्के तांबडे किरण परत आले. तर ४५ भागिले ५५, म्हणजे सुमारे ०.८२ हा निर्देशांक येतो. शेजारच्या शेतात हेच प्रमाण ४० व १० असल्यास निर्देशांक ०.६० भरतो. हा फरक बांधावरून सहज ध्यानात येईलच असे नाही.

भारताच्या आयआरएस मालिकेतील पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. आज युरोपीय ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची चित्रे विनामूल्य उपलब्ध असून त्यांतील बारीकात बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा आणि एका एकरात असे सुमारे ४० ठिपके! शेतकऱ्याच्या नेहमीच्या मापात बसणारे हे चित्र आहे. साधारणपणे दर ५ दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र मिळू शकते.

मात्र ढगांच्या आडून हे उपग्रह पाहू शकत नाहीत आणि सोयाबीन फुलोऱ्यात असते तेच दिवस ढगाळ असतात. अशा वेळी ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार लहरी वापरणाऱ्या उपग्रहांचे साहाय्य घ्यावे लागते.

माती काय सांगते?

उपग्रह पिवळेपणा दाखवितो, त्याचे कारण सांगत नाही. सखल भारी जमिनीत पाणी साचून मुळांना हवा न मिळाल्यास सोयाबीन पिवळे पडते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते पिकास घेता येत नाही; तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडल्यास जुनी पाने आधी फिकट होतात. विषाणूजन्य मोझॅक रोगातही पाने पिवळी दिसतात. शिवाय काढणीच्या सुमारास निरोगी सोयाबीनही पिवळे होऊन पाने गाळते. आकाशातून या साऱ्यांचे रूप सारखेच भासते. उपाय मात्र निरनिराळे आहेत. पाणी साचलेल्या शेतास युरियाची नव्हे, चर काढून निचरा करून देण्याची गरज असते. पुढील हंगामात तेथे रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी करणे हिताचे ठरते.

यास्तव चित्रात ज्या भागाचा निर्देशांक वारंवार कमी आढळतो, तेथील नमुना वेगळा आणि चांगल्या भागाचा वेगळा घ्यावा. पीक निघाल्यानंतर व खते देण्यापूर्वीचा काळ त्यास योग्य होय. नागमोडी चालीने ८ ते १० जागा निवडून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची माती खरवडून घ्यावी. बांध, झाडाखालची जागा व शेणखताचे ढीग टाळावेत. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृती करावी. कापडी पिशवीत गट क्रमांक, तारीख व मोबाइलवरील अक्षांश-रेखांश यांची चिठ्ठी ठेवावी. म्हणजे नमुना चित्रातील नेमक्या ठिपक्याशी जोडता येतो.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्यपत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ बाबी तपासल्या जातात.

गावाचे काम

पीक विम्यातही या तंत्राचा प्रवेश झाला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत तंत्राधारित उत्पादन अंदाजास २०२३ च्या खरीपापासून भात व गहू या पिकांसाठी ३० टक्के भार देण्यात आला; २०२४ च्या खरीपापासून त्यात सोयाबीनचा समावेश झाला. त्यामुळे चित्रातील हिरवा रंग सोयाबीनचा, तुरीचा की तणाचा, हे ठरणे भरपाईच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने अचूक नोंद केल्यास ही ओळख पटण्यास मोठे साहाय्य होते.

ग्रामपंचायतीने पाणी साचणारे व चुनखडीचे पट्टे गावनकाशावर दाखवून ठेवावेत. शिक्षकांनी नमुना घेण्याची रीत विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी. अडचण आल्यास रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचे मार्गदर्शन घेता येईल. कोठे पाहावयाचे ते उपग्रह दाखवील, तेथे काय उणे आहे ते माती सांगेल. परंतु बांधावर जाऊन पान उलटून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागेल.