टायरची निगा : पावसाळ्यापूर्वीचे कर्तव्य

मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागातून. पावसाळ्यात प्रवाशांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते. टायरवरील खाचा रस्त्यावरील पाणी बाजूस सारतात. त्या झिजून टायर गोटा झाला म्हणजे तो वेगात पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि ब्रेक व स्टिअरिंग निष्प्रभ ठरतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला की तो तत्काळ बदलावा.

हवा टायर थंड असतानाच तपासावी. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर व वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हवा कमी असल्यास टायरच्या कडा, तर अधिक असल्यास मध्यभाग झिजतो. कमी हवेचा टायर तापून फुटण्याचाही धोका संभवतो. एकच कड झिजत असल्यास चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. स्टेपनीकडेही दुर्लक्ष होऊ नये.

महिन्यातून एकदा एवढी पाहणी वाहनमालकाने स्वतः केल्यास अनेक अपघात टळू शकतील.